खांबांची संमती

दुपारचे सव्वातीन वाजले तरी धक्क्यावरचा फलक सकाळच्या नऊचाच वारा दाखवत होता: शांत. चारला बावीस बोटी सरोवरात उतरायच्या होत्या.

नाकिमुलीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. वाऱ्याचं हे केंद्र ती एकटीच चालवायची. पाच बेटांवर वारा मोजणारे पाच खांब. प्रत्येक खांब दर तासाला कंपालातल्या सर्व्हरवर लॉग-इन करायचा, वाऱ्याचा आकडा ठेवायचा आणि बाहेर पडायचा. आज नऊनंतर पाचही जण दारातच अडकले होते. सर्व्हर त्यांना चौदा पानं अटी दाखवत होता आणि शेवटी विचारत होता: मान्य आहे का? खांब काय बोलणार, कपाळ!

अटी आजच लागू झाल्या होत्या. त्यांची चाचणी मागच्या आठवड्यात नाकिमुलीनेच घेतली होती. चार वेळा आत गेली, चार वेळा न वाचताच 'मान्य' टाइप केलं आणि 'सगळं ठीक' असं कळवून मोकळी झाली. खांबही याच दारातून येतात हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

तिने कंपालाला मुगेर्वा वकिलांना फोन लावला. अटी त्यांच्याच होत्या.

"साहेब, तासाभरासाठी तरी काढा त्या."

"अपवाद नाही, बाई. आत येणाऱ्या प्रत्येकाने मान्य करायचं."

"अहो, ते खांब आहेत. लोखंडाचे!"

"मग अर्ज करा, सोमवारी समितीपुढे ठेवतो. आणि हो, दुसऱ्याच्या नावाने मान्य करायचं नाही. अट नऊ. नोकरी जाईल."

फोन ठेवते तोच बोटवाल्यांचा म्होरक्या आत आला. जुळ्यांचा बाप, म्हणून सगळा धक्का त्याला सालोंगो म्हणायचा.

"काय गं पोरी, फलक झोपलाय का तुझा?"

"आज जाऊ नका, सालोंगो. बेटांकडे काहीतरी आहे, मला वाटतं."

"वाटतं? मागच्या महिन्यात असंच वाटलं म्हणून लाल झेंडा चढवलास. पाण्यावर साधी सुरकुती नव्हती! आमचा दिवस गेला, पोरं अजून हसतात तुला. आकडा असेल तर बोल."

आकडा नव्हता. तो वळला. बाहेर एकेक इंजिन खोकायला लागलं होतं.

"थांबा," ती म्हणाली.

तिने खांब तीनच्या नावाने लॉग-इन केलं. अटी आल्या. शेवटपर्यंत गेल्याशिवाय सर्व्हर पुढे सोडत नव्हता, म्हणून ती चरफडत एकेक पान सरकवत राहिली. अकराव्या अटीवर मात्र तिचा हात थांबला. आकडा उशिरा आल्यामुळे कोणाचा जीव गेल्यास जबाबदारी लॉग-इन करणाऱ्याची राहील. म्हणजे खांबाची. बोट बुडाली की खांबाला धरायचं.

"वा रे वकील," ती पुटपुटली आणि शेवटच्या पानावर तिने 'मान्य' टाइप केलं.

दारात अडकलेला खांबाचा आकडा आत आला. ताशी बावन्न किलोमीटर, आणि वाढता.

सालोंगोने वाकून पडद्याकडे पाहिलं. तो धावत बाहेर गेला आणि लाल झेंडा त्याने स्वतःच चढवला. इंजिनं बंद होत गेली. नाकिमुलीने उरलेल्या चार खांबांचंही उरकून घेतलं. तेवढ्यात छपराचे पत्रे थडथडायला लागले. सालोंगो परत आला तेव्हा त्याचा सदरा भिजलेला होता.

फोन वाजला. मुगेर्वांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "पाचही खांबांच्या नावाने मान्यता आलीय इथे. कोणी दिली? नाव सांगा."

नाकिमुली नाव सांगणार एवढ्यात सालोंगोने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"खांबांनीच दिली, साहेब. बावीस बोटींची माणसं साक्षीला आहेत."

"हे बघा, चेष्टा नकोय. मी खांबांना विचारू का आता?"

"विचारा की," सालोंगो म्हणाला. "या इकडे. बेटावर जायला बोट मी देतो. आत्ता."