सातव्या फॉर्मवरचं ‘हो’

सहा फॉर्मवर ‘नाही’ होतं. सातव्यावर ‘हो’.

समितीच्या सहायिकेने तो सातवा फॉर्म पुन्हा वाचला. प्रश्न छापील होता : ‘या ठरावात तुमचा काही हितसंबंध आहे का?’ खाली ठसठशीत अक्षरांत उत्तर होतं, ‘हो. माझं घर, विहीर आणि दोन्ही मुलींचे संसार त्याच जंगलात आहेत.’

ठराव एका ओळीचा होता. कारखान्यांसाठी लावलेल्या निलगिरीलाही यापुढे जंगलच म्हणायचं. म्हणजे जुनं जंगल तोडा, तिथे निलगिरी लावा आणि जगाला कळवा, जंगल एकरभरही कमी झालेलं नाही. सात देशांतून आलेले सात सदस्य त्यावर आज मत देणार होते.

“नियमाप्रमाणे मावशींना मतदान होईपर्यंत बाहेर बसावं लागेल,” अध्यक्ष म्हणाले. जंगलात राहणाऱ्यांच्या वतीने आलेल्या बाईंना पहिल्या दिवसापासून सगळे मावशीच म्हणत.

“प्रामाणिकपणाला मात्र मानलं पाहिजे हं,” कागद कारखान्याचे माजी सल्लागार म्हणाले. ते शुक्रवारी माजी झाले होते. आज सोमवार होता.

सहायिका वनस्पतिशास्त्र शिकलेली. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सातातून एक गेला, उरले सहा. मतदानाला निदान सहा जण लागतात. जेमतेम भरले.

मावशींनी पिशवी खांद्याला लावली. दाराशी थांबल्या.

“जाते मी. फक्त एक सांगा. ज्यांचा जंगलाशी काडीचाही संबंध नाही, अशी सहा माणसं एवढ्या लांब आली कशाला?”

कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही.

दार लागलं. अध्यक्षांनी घसा साफ करून ठराव वाचायला घेतला. टेबलाच्या टोकाला मातीचे अभ्यासक बसले होते. चार दिवसांत ते चार वाक्यंही बोलले नव्हते.

“माझा फॉर्म जरा परत दे, पोरी.”

“पण सर, सही झालीय त्यावर.”

“सही राहू दे. उत्तर खोडायचंय.”

त्यांनी ‘नाही’वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘हो. माझी प्रयोगशाळा निलगिरीवाल्यांनी बांधून दिली आहे.’ मग खुर्ची मागे सारून ते उठले.

“अहो, ही काय वेळ आहे का?” अध्यक्षांचा आवाज चढला. “आत पाचच उरतील!”

“नियमाप्रमाणे,” ते म्हणाले आणि बाहेर पडले.

ठराव बारगळला. सहायिका ते सांगायला धावतच व्हरांड्यात आली. मावशी बाकावर बसल्या होत्या. बातमी ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. सहायिकेला मात्र राहवेना.

“मावशी, तुम्ही आत असता तर विरोधात एक मत तरी नक्की पडलं असतं. बाहेर यायचं भय नाही वाटलं?”

“वाटलं की. पण तुमचे नियम मीही वाचलेत, बाळ. आत बसले असते तर मला आणखी तिघांची मतं लागली असती. बाहेर आले, मग एकच खरं बोलणारा पुरणार होता.”