जीपची खडखड

लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली जीप गनीभाई मिस्त्रीनं शर्यतीसाठी तयार केली, पण तिची खडखड काही केल्या जाईना. इंजिन तीनदा उतरवलं, तीनदा चढवलं. अखेर शर्यतीच्या दिवशी सकाळी मडगार्डाचा एक ढिला बोल्ट सापडला. तो आवळला आणि खडखड गेली. ड्रायव्हर सहादेवला त्यानं मुद्दामच सांगितलं नाही; चालवताना कळेलच की!

सहादेव मूळचा घोडेगावचा बैलगाडीवान. भिंगारच्या माळावर त्यानं शर्यतीत उतरलेल्या साहेबांच्या चारही मोटारी मागं टाकल्या आणि ऐन वळणावर जीप उभी केली. गनीभाई पाना घेऊन धावत पोचला, तोवर मोटारी पुढं निघून गेल्या होत्या. त्यानं बॉनेट उघडलं. इंजिन चालूच होतं, पेट्रोल अर्धी टाकी होतं. त्याचं डोकंच चालेना. आणि हा गडी जीपच्या मागं वाकून धुळीत काय चाचपत होता?

"सहादू, झालं तरी काय?"

"समद्यांच्या म्होरं आलो, तवा ध्यानात आलं, खडखड बंद झालीया. बैलाची घंटा पडली की असाच आवाज जातो बगा." सहादेवनं मान वर केली नाही. "आपलं कायतरी पडलंय, गनीभाई. तुमीबी हुडका."