मजुरी धरून

चकलीचं मशीन घेताना श्रीकृष्णरावांनी बायकोला अट घातली होती, “दोन वर्षांत किंमत वसूल झाली नाही, तर विकून टाकायचं.” स्नेहलताबाईंनी चकल्या विकून ती दीड वर्षातच वसूल केली आणि ऐटीत हिशेब भाचीपुढे ठेवला. देविका बिजौलीच्या कारखान्यात हिशेबनीस. “मामी, भाजणी, तेल, वीज वजा केलंत. तुमची मजुरी?” “माझी कसली मजुरी? मी घरचीच!” “आमचे मालकसुद्धा आपली तनख्वाह धरतात.” “ती धरली तर?” “वसुलीला तीन वर्षं लागतील.” श्रीकृष्णराव झोपाळ्यावरून गरजले, “म्हणजे हरलीस की!” स्नेहलताबाईंनी मशीनकडे पाहिलं, पदर खोचला. “धर गं मजुरी. तीन तर तीन! अन् तुम्ही खुशाल विका मशीन, पण आधी माझा दीड वर्षाचा थकलेला पगार मोजा.” मशीन राहिलं. श्रीकृष्णराव आता सिविल लाइंसमधल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांना सांगत फिरतात, “हमारी मिसेस सर्विस में हैं.”