शेणाची पोती

गेंड्याचा पिंजरा विमानात चढला, तरी जनावरांच्या डॉक्टरांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

"पोती कुठायत? शेणाची पोती!" ते हमालांवर खेकसले.

वैमानिकाने नाक मुरडलं. "डॉक्टर, आता शेणसुद्धा विमानाने न्यायचं?"

"त्याचंच आहे ते. नव्या जंगलात आधी तेच पसरायचं. आपल्या जागेचा वास आला नाही, तर जनावर बिथरतं. अन्नाला तोंड लावत नाही."

पाचही पोती चढल्यावर कुठे त्यांनी घाम पुसला आणि घरी फोन लावला. गेल्याच आठवड्यात जुनं घर विकून त्यांनी आईला आपल्याकडे आणलं होतं.

"आई काय म्हणतेय?"

"घरभर नुसत्या येरझारा घालताहेत," बायको म्हणाली. "दोन घास धड खात नाहीत."

"अगं, पलंग नवा, गादी नवी, कपडे नवे. त्या घरातलं फडकंसुद्धा येऊ दिलं नाही मी. आणखी काय हवंय तिला?"

 

"काय की. येताना अंगावर होती ना, ती शाल तेवढी धुवायला देत नाहीत. तोंडावर घेऊन झोपतात."