आधी सत्कार

“माझ्या लेकीच्या पायाला धक्काबी लागू देणार न्हाई,” जिलानीनं औशाच्या स्टँडवर छाती ठोकून सांगितलं. लायबाला जन्मापासून हात नव्हते. उजव्या पायाच्या बोटांत ब्रश धरून ती चित्रं काढायची. आज लातूरला एका संस्थेच्या अध्यक्षसाहेबांसमोर चित्र जमलं, तरच चित्रकला कॉलेजसाठी शिष्यवृत्ती मिळणार होती. बसमध्ये जिलानी तो पाय मांडीवर घेऊन बसला. “अब्बा, पाय हाय, अंड्यांचा ट्रे न्हाई,” लायबा वैतागली. हॉलमध्ये कागद अंथरला, लायबानं ब्रश धरला, तेवढ्यात निवेदक ओरडला, “आधी सत्कार!” साहेबांनी तिला शाल पांघरली आणि कॅमेऱ्याकडं बघत सवयीनं नारळ पुढं करून सोडला. तो उजव्या पायावर पडला, अंगठा टम्म सुजला. जिलानीनं खाली बसून तो पाय पुन्हा मांडीवर घेतला. “अब्बा, डावा हाय की,” लायबा म्हणाली. “साहेब, फोटो हलला,” फोटोग्राफर म्हणाला. साहेबांनी नारळ पुन्हा उचलला.