आप्पांचे पाच हात

पाडव्याच्या दुपारी केतकी, तिचा नवरा मल्हार आणि तिचे वडील आप्पा पाच-तीन-दोन खेळत होते. टेबल प्रत्येकाची खेळी वाचून त्याच्या मेंदूचा वार्षिक अहवाल आरोग्य कार्यालयाला पाठवत होतं. ज्याच्यासमोरचा दिवा लाल होई, त्याला निगा केंद्रात नेत. तिथून अजून कुणी परतलं नव्हतं.

आप्पांचा दिवा पिवळा होता.

“हुकूम काय गं, केते?” त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“इस्पिक, आप्पा.”

त्यांनी किलवर टाकलं. केतकीला हुकूम मारता आला असता, पण तिने मघापासून करत होती तसंच केलं. हलकी चौकट टाकून हात सोडला.

“पाच हात! अजून चालतंय डोकं!” आप्पा खूश झाले. त्यांचा दिवा हिरवा झाला, आणि केतकीचा लाल.

मल्हार पांढराफटक पडला. “सांग ना कार्यालयाला, मुद्दाम हरलीस म्हणून!” तो कुजबुजला.

तसं सांगितलं, तर आप्पांचा डाव रद्द झाला असता. केतकीने नकारार्थी मान हलवली.

दारावरची बेल वाजली. आप्पा पत्ते पिसत होते.

“वाटू का? या खेपेला नीट खेळ हं.”

“वाटा, आप्पा,” केतकी म्हणाली आणि दार उघडायला उठली.