फळ्यावरची जयंती

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीच्या गेटपाशी फळा आहे. त्यावर रोज सकाळी मी दिनविशेष लिहिते आणि वॉचमन महिपतची मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी तो वहीत उतरवून घ्यायची. त्या दिवशी लिहिलं, ‘ॲना फिलोसोफोवा यांची जयंती. रशियात मुलींना विद्यापीठात शिकता यावं म्हणून चारशे बायकांच्या सह्या घेऊन अर्ज करणाऱ्यांपैकी एक.’ मुलगी आली नाही, महिपत आला. “बाई, हे पुसून आमचं लिहा ना. अक्षर तुमचं चांगलंय.” मुलीचा साखरपुडा ठरला होता. “तिची परीक्षा?” मी विचारलं. “जूनमध्ये. लग्न मेमध्ये.” आणखी काही बोलायला हवं होतं. मी फळा पुसला आणि लिहिलं, ‘महिपत यांच्या कन्येचा साखरपुडा, रविवारी, गच्चीवर.’ कडेला दोन फुलंही काढली. संध्याकाळी मुलगी वही घेऊन घरी आली. “अर्धी कोरी आहे, बाई. तुमच्या कामी येईल.”

ता. क. ही गोष्ट शतशब्दकथेच्या स्पर्धेला पाठवण्याआधी शब्द दोनदा मोजले, बरोबर शंभर भरले. मग पाहिलं तर रशियातल्या बाईंचं नाव आडनावासकट आलंय, महिपतचं तीन वेळा आलंय, आणि मुलीचं फळ्यावर नव्हतं तसं इथेही नाही. तिच्यासाठी दुसरा एखादा शब्द काढायला हवा होता. प्रत्येक शब्द गरजेचा वाटला. तिचं नाव ऐश्वर्या. ते मोजणीत धरू नये.